तीन निळे टाके

पडदा उघडला. दोरी ओढणारं कोणी नव्हतं. भिंतीवरचं बटण दाबलं आणि जांभळा मखमली पडदा मधोमध दुभंगून दोन्ही अंगांना सरकत गेला. मागे पांढराशुभ्र उजेड, टेबलावर फुलदाण्या, खुर्च्यांवर साटीनच्या झुली, आणि मधोमध माईक धरून उभे कॉलेजचे सर्वेसर्वा हितेंद्रसर. निळा कोट, चापून बसवलेले केस, देवळातल्या पुजाऱ्यासारखं तेच ते हसू. समोर थंडगार सभागृहात दीडेकशे आईबाप. धुळ्याच्या अलीकडे हायवेला लागून असलेल्या खासगी नर्सिंग कॉलेजातला हा देखावा. तीन दिवस पालकांना कॉलेज दाखवायचं होतं, आणि त्यातला हा पहिला दिवस.

तिसऱ्या रांगेत कडेला एरंडोलच्या इंदिराबाई बसल्या होत्या. सत्तरीला टेकलेल्या, अंगाने काटक, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला. त्यांचं लक्ष हितेंद्रसरांकडे नव्हतं, खुर्च्यांकडे होतं. झुलींच्या गाठी घाईत मारलेल्या होत्या, हे त्यांनी बसल्याबसल्या ओळखलं. त्यांचे यजमान निंबाशेठ यांनी आठ बांबू आणि एका ताडपत्रीवर मंडपाचा धंदा उभा केला होता. ते गेल्यावर मुलगा हेमराज तोच धंदा चालवत होता. मंडपवाल्याच्या घरात पन्नास वर्षं काढलेल्या बाईला सजावट आधी दिसते, मग माणूस.

शेजारी हेमराज, त्याची बायको रूपाली आणि त्यांची मुलगी मयुरी. सगळं मयुरीसाठी चाललं होतं. जळगावच्या एका जुन्या नर्सिंग कॉलेजात पहिल्याच फेरीत तिचं नाव लागलं होतं. उद्या संध्याकाळी पाचच्या आत जाऊन प्रवेश पक्का करायचा, नाहीतर जागा गेली.

ते कॉलेजही सगळे चार दिवसांपूर्वी पाहून आले होते. गेटवर कोणी या म्हटलं नाही. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता कागदांची यादी सरकवली. भिंतींना ओल होती, पंखा कुरकुरत होता. रूपालीचा चेहरा तिथेच पडला आणि मयुरीच्या तोंडावरचं हसू गेलं. इंदिराबाईंना मात्र व्हरांड्यातून ट्रे घेऊन वॉर्डाकडे धावणाऱ्या दहाबारा पोरी दिसल्या होत्या. एकीच्या एप्रनवर औषधाचा पिवळा डाग होता, आणि पुसायला तिला सवड नव्हती. घरी आल्यावर त्यांनी हे सांगितलं तेव्हा हेमराज हसून म्हणाला होता, "माय, डाग पाहून कोणी पोरगी देतं का?"

इथे मात्र सगळं उलट. गेटवर गुलाबाचं फूल, गळ्यात नावाची फीत, गाडी लावायला माणूस. हितेंद्रसरांनी हेमराजला नावाने मंचावर बोलावलं, डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. फॉर्मवरचा धंदा पाहून कानात हळूच सांगितलं, की यंदाच्या स्नेहसंमेलनाचा मंडप तुमच्याशिवाय कोणाचा? हेमराज खाली उतरला तो छाती काढून.

बाहेरच्या माणसाला यात काही वावगं दिसायचं नाही. पण हेमराज वाढला सोयरिकींच्या बैठकांत. तिथे चार माणसांत टोपी डोक्यावर घेतली आणि नारळ हातात घेतला, की शब्द दिला गेला. मग मोडणारा तोंड दाखवत नाही. सरांनी पन्नासेक बापांना टोप्या वाटल्या होत्या. हेमराजला वाटलं, आपली सोयरिक झाली.

"आता मागे फिरणं नाही," तो बसता बसता म्हणाला.

इंदिराबाईंचा एक नियम होता आणि गावात तो सगळ्यांना ठाऊक होता. पोरगी द्यायला घर पाहायला गेलं, की पुरुषांनी बैठकीत खुशाल पोहे खावेत. बाईने पाणी प्यायचं निमित्त काढून मागे मोरीकडे जावं. बैठक पाहुण्यांसाठी असते. घर मोरीत दिसतं.

मग मिरवणूक निघाली. प्रयोगशाळेत प्लास्टिकचा पेशंट निजलेला. ग्रंथालयात एकसारखी नवी पुस्तकं, एकाचंही पान न दुमडलेलं. रूपाली प्रत्येक दारात "बाई गं" म्हणत होती. शेवटी दुसऱ्या मजल्यावर मुलींचं वसतिगृह. खोलीत दोन लोखंडी पलंग, त्यावर गाद्या, पांढऱ्या चादरी, गुबगुबीत उशा, खिडकीला फुलाफुलांचा पडदा. मयुरी खिडकीजवळच्या पलंगावर जाऊन बसली. फोटो काढला. चार दिवसांनी पोरीच्या तोंडावर हसू आलं होतं.

"आजी, मी हाच पलंग घेणार. बस ना, बघ किती मऊ आहे."

इंदिराबाई टेकल्या. बसल्याबरोबर त्यांचा हात आपसूक गादीच्या कोपऱ्याखाली गेला. चादर उचलली, कोपरा उलटला. तीन निळे टाके. एक उभा, दोन आडवे.

ते टाके त्यांचेच होते. लग्न होऊन त्या एरंडोलला आल्या तेव्हा निंबाशेठकडे बांबू होते, वऱ्हाडाला निजायला गाद्या नव्हत्या. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून आणायचा, खोळी भरायच्या, दाभणाने टाचायच्या. बोटांना भोकं पडायची. अशा चारशे गाद्या त्यांनी भरल्या. वऱ्हाडात सामान अदलाबदल होतं म्हणून प्रत्येकीच्या कोपऱ्यावर ही निशाणी. एकदा एका नवरदेवाच्या मंडळींनी जाताना एक गादी बसमध्ये घातली, तर इंदिराबाईंनी कासोदा रस्त्यावर बस अडवली आणि वरमायला उठवून तिच्या बुडाखालची गादी काढून घेतली होती. पंचवीस वर्षं झाली, ती वरमाय अजून एरंडोलच्या बाजाराला येत नाही.

त्या उठल्या. शेजारच्या पलंगाचा कोपरा उलटला. तीन टाके. पलीकडच्या खोलीत गेल्या. तिथेही तीन टाके. मागे हेमराज येऊन उभा राहिला होता.

"हाई गादी मनी शे," त्या अहिराणीत म्हणाल्या. ही गादी माझी आहे.

हेमराजचा चेहरा पडला. त्याला काही सांगावं लागलं नाही. गेल्या आठवड्यात धुळ्याचा मंडपवाला चिंधा चाळीस गाद्या आणि एक मोठा पडदा घेऊन गेला होता. कुठलंसं शिबिर आहे म्हणाला होता. सीझन नसला की मंडपवाले एकमेकांना सामान देतात, कोणी खोलात विचारत नाही. शिबिर कसलं, ते आत्ता समोर होतं.

"माय, आवाज कमी कर," हेमराज दबक्या आवाजात म्हणाला. "सगळीकडे असंच असतं. पोरी यायच्या आत आणतील नव्या. मी टोपी घेतली आहे, चार लोकांत."

इंदिराबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. ते पाहणं हेमराजने लहानपणी एकदा अनुभवलं होतं आणि त्यानंतर दोन दिवस तो मामाकडे जाऊन राहिला होता. त्या वळल्या आणि व्हरांड्याच्या टोकाकडे चालू लागल्या. तिथे छतापासून फरशीपर्यंत मरून रंगाचा जाड पडदा होता. पुढे काम चालू आहे, असं हितेंद्रसर म्हणाले होते. पडद्याच्या खालच्या काठाला रुपयाएवढं जळकं भोक होतं. दोंडाईच्याच्या एका लग्नात फटाक्याने पडलेलं. म्हणजे हाही आपलाच. त्यांनी तो बाजूला सारला. मयुरी मागोमाग आत शिरली.

पडद्यामागे खरं वसतिगृह होतं. गिलावा न केलेल्या सहा खोल्या, व्हरांड्यात एक नळ, त्याखाली बादल्यांची रांग. एका खोलीत फरशीवर गोधड्या घालून तीन पोरी बसल्या होत्या. आत बाई आलेली पाहून धडपडत उठल्या. पालक जाईपर्यंत इथून हलायचं नाही, अशी त्यांना ताकीद होती. त्यांतली मृणाली नावाची, दुसऱ्या वर्षाची, जरा धीट होती. इंदिराबाईंनी विचारलं तसं तिने सांगितलं, की दवाखान्यात शिकायला न्यायची बस आठवड्यातून एकदा जाते, तीही बिघडली नसली तर. आतापर्यंत तिने एकाही खऱ्या माणसाला सुई टोचलेली नव्हती.

मग ती खाली बघत म्हणाली, "आजी, मागच्या वर्षी आमच्या घरच्यांनाही गाद्या दाखवल्या होत्या."

मयुरीने गळ्यातली फीत काढून मुठीत चुरगाळली.

इंदिराबाई संतापल्या होत्या. हितेंद्रसरांवर होत्या, पोटच्या पोरावर होत्या, आणि जिना उतरता उतरता स्वतःवरही. बारा वर्षांपूर्वी निंबाशेठ असेच हसत घरी आले होते. कुठल्याशा कॉलेजच्या तपासणीला आपल्या साठ गाद्या गेल्या, साहेब पास करून गेले आणि गाद्या रात्रीच परत, अशी गंमत त्यांनी जेवताना सांगितली होती. इंदिराबाईही हसल्या होत्या. हसता हसता त्यांना ठसका लागला होता. त्या गाद्यांवरही हेच टाके होते. त्या कॉलेजातही कोणाची तरी पोर फरशीवर निजली असेल, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. आपल्या निशाणीचा त्यांना केवढा अभिमान! आणि ती निशाणी कोणाकोणाला फसवायला गेली, याचा पत्ता नाही.

जेवणानंतर पुन्हा सभागृहात सगळे जमले. पालकांचं मनोगत होतं. दोघेतिघे बाप टोप्या सावरत भरभरून बोलले. मग हितेंद्रसरांची नजर पांढऱ्या केसांवर गेली. म्हाताऱ्या बाईचे दोन गोड शब्द कार्यक्रमाला शोभा आणतात, हे त्यांना माहीत होतं.

"अक्का, या ना. आशीर्वाद द्या आमच्या कॉलेजला."

हेमराजने त्यांचा पदर धरला, माझी शपथ आहे म्हणाला. इंदिराबाईंनी पदर सोडवून घेतला. त्याच्या मांडीवरचा नारळ उचलला, डोक्यावरची टोपी काढली, आणि दोन्ही घेऊन मंचावर गेल्या.

"मी एरंडोलची इंदिराबाई, निंबाशेठ मंडपवाल्यांची बायको. वर तुम्ही ज्या गाद्या पाहिल्या त्या माझ्या आहेत. कोपरा उलटून बघा, तीन निळे टाके आहेत. आमच्या भाड्याच्या गाद्या. परवा आमचा टेम्पो येईल आणि घेऊन जाईल."

हितेंद्रसरांनी माईक बंद करवला. पण पन्नास वर्षं भर मंडपात आचाऱ्यांना हाका मारलेला तो गळा. त्याला माईक कधी लागलाच नव्हता. शेवटच्या रांगेतल्या बाईलाही शब्द न् शब्द ऐकू गेला.

"व्हरांड्यात मरून पडदा आहे, तोही आमचा. त्याच्यामागे पोरी फरशीवर निजतात. तुम्ही सोयरिक जुळवायला निघालात आणि मोरी बघितली नाहीत. मी बघितली. हा तुमचा नारळ, ही टोपी. आमचा शब्द आम्ही परत घेतला."

नारळ त्यांनी फुलदाणीशेजारी ठेवला, टोपी नीट घडी करून त्यावर ठेवली. हितेंद्रसर हसून म्हणाले की अक्कांचा काहीतरी गैरसमज झाला आहे, वयोमानाने होतं असं. पण तोवर पाचसहा बाया उठून जिन्याकडे निघाल्या होत्या, आणि त्यांच्यामागे त्यांचे टोपीवाले नवरे.

परतीच्या वाटेवर गाडीत रूपाली खिडकीकडे तोंड करून रडत होती. हेमराज घरी आला, जेवला नाही. स्नेहसंमेलनाचं काम गेलं, चार लोकांत मान गेला, आणि आईने तो सगळ्यांदेखत उतरवला, हे त्याला गिळवत नव्हतं. पण नारळ परत गेला होता, आणि त्याबरोबर दिल्या शब्दाची अडचणही. सकाळी त्याने गाडी काढली.

जळगावच्या कॉलेजात तोच कारकून होता. त्याने आजही मान वर केली नाही, पण मयुरीचे कागद तपासले, शिक्का मारला आणि वसतिगृहात अंथरूण-पांघरूण घरून आणावं लागेल, असं बजावलं. मयुरी पावती घेऊन बाहेर आली आणि आजीला म्हणाली, की मला एक गादी भरून दे, निशाणी असलेली.

हेमराज गेटपाशी फोनवर होता. धुळ्याहून चिंधा विचारत होता, की कॉलेजवाले बोंबलत आहेत, आज अजून पालक यायचे आहेत, तर सामान ठेवायचं की उचलायचं? हेमराजने फोनवर हात ठेवला आणि कालपासून पहिल्यांदा आईशी बोलला. टेम्पो पाठवू का, एवढंच विचारलं.

इंदिराबाई पायरीवर बसून चपलेतला खडा काढत होत्या. त्यांनी मान वर केली.

"गाद्या राहू दे, त्या पडद्यामागच्या पोरींना वाट. पडदा मात्र आत्ताच्या आत्ता उतरव."