निहारची बेसलाइन

प्रिय अनय आणि इरा,

कागद खाली ठेवून डॉक्टर म्हणाल्या, "पोस्ट-कन्कशन सिंड्रोम आहे. पण फार घाबरण्यासारखं काही नाही."

कन्कशन म्हणजे जोराचा दणका बसून मेंदू कवटीच्या आत हादरणं. हाड मोडत नाही, रक्त येत नाही. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत उतरतो. ज्यांची डोकेदुखी, चक्कर आणि विसरणं महिनोन्‌महिने राहतं, त्यांच्या आजाराचं हे लांबलचक नाव. तुमचा निहारदादा खेळताना डोक्याला मार लागून जर्मनीहून कुवेतला परत आला, त्याला तेव्हा तीन महिने झाले होते.

डॉ. ठोसर मूळच्या नागपूरच्या. त्या मराठीत बोलल्या म्हणूनच निहारच्या बाबांचा, तुमच्या मिलिंदमामाचा, अर्धा जीव भांड्यात पडला. एमआरआय स्वच्छ होता. पण कन्कशन एमआरआयमध्ये दिसतंच असं नाही, म्हणून त्यांचा भर कॉम्प्युटरवरच्या एका चाचणीवर होता. सीझन सुरू व्हायच्या आधी, खेळाडू ठणठणीत असताना, तीच चाचणी घेऊन ठेवतात. तिला बेसलाइन म्हणतात. मार लागला की ती पुन्हा घ्यायची आणि मार्क किती घसरले ते बघायचं. निहारला जर्मनीतल्या बेसलाइनमध्ये, दाखवलेल्या पंधरा शब्दांपैकी सहा आठवले होते. आताही सहाच आठवले.

"म्हणजे फरक नाही," डॉक्टर म्हणाल्या. आठवडाभरानं पुन्हा तपासू, सगळं ठीक असेल तर फिटनेसच्या पत्रावर सही करू, असं त्यांनी सांगितलं. ते पत्र कॅनडातल्या एका संघाला हवं होतं. तिथे निहारची निवड झाली होती.

घरी जाताना मामानं फहाहीलच्या दुकानातून कुनाफा ही अरबी मिठाई घेतली. मेधामामी गाडीत रडली, आनंदानं. फाइल माझ्या मांडीवर होती आणि मला तो सहाचा आकडा पटत नव्हता.

मी कुवेतला आले तेव्हा निहार चार वर्षांचा होता. मामा शुऐबाच्या कारखान्यात शिफ्टला, मामी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. दुपारी घरात आम्ही दोघंच. 'मी बाजारात गेले आणि आणलं' हा खेळ आम्ही खेळायचो. प्रत्येकानं आधीच्या सगळ्या वस्तू म्हणायच्या आणि एक नवी जोडायची. सातव्या वर्षी तो सव्वीस वस्तू ओळीनं म्हणायचा आणि वर मलाच सांगायचा, "आजी, तू खजूर विसरलीस." त्या मुलाला निरोगी असताना पंधरापैकी सहाच शब्द आठवले?

तो कुठून कुठे गेला ते तुम्हाला ठाऊक असायला हवं, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही.

मामाच्या कंपनीनं फी भरली म्हणून निहार अमेरिकन शाळेत गेला. तिथे तो गुबगुबीत होता. मुलं त्याला 'टँकर' म्हणायची. त्या शाळेत अमेरिकन फुटबॉल खेळत, त्यात बॉलला पाय फारसा लागत नाही. बॉल हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला अंगावर जाऊन पाडायचं, असा तो खेळ. कोच म्हणाला, टँकरला हलवायला दुसरा टँकर लागतो, आणि त्यानं निहारला बचावात उभं केलं. पुढे निहार लाइनबॅकर झाला. म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला. समोरचा संघ काय चाल करणार हे ओळखून तो आपल्या माणसांना ओरडून सांगतो आणि मग स्वतः जाऊन धडकतो. स्मरणशक्तीचंच काम ते. शंभर चाली पाठ लागतात.

सूर्य कलल्यावर सराव चाले, तरी मैदान तापलेलं असे. मी पाण्याची बाटली घेऊन बसायचे. घरी कुणाला आवडत नव्हतं, मला आवडत होतं. आपला मुलगा त्या दांडग्या मुलांना पाडतो याचा मला अभिमान होता.

पुढे अमेरिकेतल्या एका छोट्या गावातल्या कॉलेजनं त्याला संघात घेतलं, पण शिष्यवृत्ती दिली नाही. पहिलं वर्ष तो नुसता बाकावर होता. दुसऱ्या वर्षी कुणीतरी जखमी झाला आणि निहार मैदानात उतरला, तो परत बाकावर बसलाच नाही. तिसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली. तिथल्या मोठ्या लीगनं त्याला विचारलं नाही, तेव्हा जर्मनीतल्या संघानं पगारावर घेतलं. आणि आता कॅनडा. तिथून अमेरिकेच्या मोठ्या लीगची वाट जवळची असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या खोलीत गेले. उन्हासाठी खिडक्यांना चंदेरी कागद लावलेलाच होता, त्यावर त्यानं चादरही टांगली होती. उजेड सोसत नव्हता. बांग सुरू झाली की कानांवर उशी दाबायचा. मी त्याला सहा शब्दांबद्दल विचारलं.

तो हसला. म्हणाला, "आजी, सगळेच करतात. आधी मुद्दाम चुकायचं. मग मार बसला तरी मार्क पडत नाहीत, बाहेर बसवत नाहीत."

"आणि कालचे सहा?"

त्यानं उशी मांडीवर ओढली. मग म्हणाला, "काल मी खरंच प्रयत्न केला."

त्यानं ते फक्त मला सांगितलं. लहानपणापासून तो मलाच सांगायचा, कारण मी कुणाला सांगत नसे.

पुढचे पाच दिवस मी हे कुणाला सांगितलं नाही. तो घास तोंडाशी नेता नेता थांबायचा. एकदा गॅस चालू ठेवून निघून गेला. मामा फोनवर कॅनडाच्या थंडीची चौकशी करत होता.

ठरल्या दिवशी आम्ही चौघे गेलो. प्रतीक्षा-खोलीत दोन तास. डॉक्टरांनी तपासलं, पेन उघडलं. मी म्हणाले, "सही करू नका. ती बेसलाइन खोटी आहे."

निहार म्हणाला, "आजी, डोंट." मग अगदी हळू म्हणाला, "मी फक्त तुला सांगितलं होतं."

डॉक्टरांनी पेन ठेवलं. याआधी किती वेळा डोक्याला मार बसला, असं त्यांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, एकदा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, पाच वेळा. चार त्यानं मला फोनवर सांगितलेले. आणि सगळ्यांत पहिला माझ्या डोळ्यांदेखतचा. तो पंधरा वर्षांचा होता. मॅचनंतर त्याला गाडीत उलटी झाली आणि अर्ध्या तासात तीनदा त्यानं मला विचारलं की कोण जिंकलं. मी उन्हाचा त्रास म्हणून लिंबाचं सरबत दिलं. 'आईला सांगू नकोस' म्हणाला, मी सांगितलं नाही. पुढच्याच आठवड्यात तो पुन्हा खेळला.

हे ऐकताना मामीनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी तुम्हाला सांगू शकत नाही.

मग दोन सकाळी चाललेली दुसरी, मोठी चाचणी झाली. ती मुद्दाम बिघडवली तर कळतं. तिचा निकाल वाईट होता. डॉक्टर म्हणाल्या, "जुना मार भरलेला नसताना नवा बसला तर मेंदू सुजतो. माणूस जाऊ शकतो. मी सही करणार नाही, आणि तू दुसऱ्या कुणाकडून घेऊ नकोस." तो भिंतीकडे बघत होता. कॅनडाच्या संघानं छान शब्दांत कळवलं की ते दुसरा माणूस घेत आहेत.

मामा मला म्हणाला, "आई, दहा वर्षं गप्प बसलीस, आणखी एक सही होईपर्यंत बसली असतीस." चार महिने निहार माझ्याशी बोलला नाही. मी खोलीत गेले की तो उठून जायचा. तुमच्या आईनं तुम्हाला सांगितलं असेल की आजीनं दादाचं करिअर संपवलं. ते खरं आहे.

आता दीड वर्ष झालं. तो दिवसातून तीन तास एका ओळखीच्यांच्या ऑफिसात बसतो. त्याहून जास्त स्क्रीन झेपत नाही. औषधांनी डोकेदुखी कमी झाली. स्मरण थोडं सुधारलं. पुरतं सुधारेल असं डॉ. ठोसर म्हणत नाहीत, आणि त्या खोटा धीर देत नाहीत याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

अनय, मेलबर्नच्या शाळेच्या रग्बी संघात तुझी निवड झाल्याचं कळलं. अभिनंदन. मी खेळू नकोस म्हणणार नाही, तो अधिकार माझा राहिलेला नाही. पण तुझीही अशी चाचणी घेतली तर ती मन लावून दे. आणि इरा, डोकं धरून अनयनं तुला 'कुणाला सांगू नकोस' म्हटलं, तर त्याच दिवशी सांग. तो रुसेल. रुसू दे.

हे पत्र लिहिण्याआधी मी निहारला विचारलं. तो म्हणाला, "लिही. पण मी तुला माफ केलं असं लिहू नकोस."

म्हणून तसं लिहीत नाही. तो अजून माझ्यावर रागावलेला आहे. कशासाठी रागावला आहे, ते मात्र त्याला नीट आठवतं. मला तेवढं पुरे आहे.

तुमची,
आजी