पुलाला लटकलेली पोरगी आणि उष्टी हळद

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला कळली नाही, मुलाला नाही, सुनेला तर नाहीच नाही. आठ वर्षं पदराच्या गाठीत बांधून फिरते आहे. तर ऐका — मी एकदा नवरदेवाची उष्टी हळद एसटीत विसरले. मोबाइल मात्र विसरले नाही हो. तो हातात घट्ट होता.

हसलात ना? हसा. मीही हसते. अठ्ठावन्न वर्षांची बाई, डोक्यात पांढरं, घरात नातवंडं — आणि अक्कल? अक्कल त्या मोबाइलच्या कार्डात भरून ठेवलेली. पण विसरण्याचं मी केव्हाच सांगून टाकलं असतं. माणूस विसरतं. लपवलं ते पुढचं. त्याच्यापाशी येते, जरा दमाने येऊ द्या.

मुलाने त्याचा जुना फोन मला दिला त्या साली मी जी काही मिरवले, ती आठवली की आजही माझे मलाच कान पिळावेसे वाटतात. आमच्याकडे शेणवा गावाच्या पुढे गेलं की रेंज कधी आहे, कधी नाही. म्हणून शहापूरच्या मोबाइलच्या दुकानात जाऊन कार्डात पिक्चर भरून आणायचे. चौतीस पिक्चर! नावं कुणाला वाचायची होती? चित्र बघायचं आणि बोट लावायचं. मारामारीचे, साउथचे हिंदीत केलेले मला फार आवडायचे — आवडायचे कसले, अजून आवडतात. कानात वायरी खुपसल्या की एसटीचा खडखडाट बंद, शेजारणीची सून बंद, जग बंद. वाटेतली किन्हवली कधी आली नि कधी गेली, पत्ता नाही. आणि ज्या बायका खिडकीतून नुसत्या बाहेर बघत बसायच्या त्यांची मला कीव यायची. काय हा माज!

तर लग्न होतं धाकट्या दिराच्या मुलाचं, नितीनचं. मुलगी सरळगावची, सायली. आमच्याकडे रीत अशी, की नवरदेवाला लावून उरलेली हळद मुलीकडे जाते, आणि ती पोचल्याशिवाय मुलीला हळद लागत नाही. हळद वाटलेली होती आमच्या थोरल्या जाऊबाईंनी. त्यांना सगळं घर ‘बाय’ म्हणतं. पाट्यावर हळकुंडं वाटावीत तर बायनेच. भावकीत कुणाचंही लग्न असो, पहिलं बोलावणं तिला. बायच्या हातची हळद चढते, असं म्हणायचे. तिला ना दागिन्यांची हौस, ना साड्यांची. तिचा मान तेवढाच — तो पाटा.

वऱ्हाडाचा टेंपो दुपारी निघणार होता आणि मुलीकडची माणसं सकाळपासून खोळंबलेली. मी म्हटलं, द्या माझ्याकडे, मी एसटीने पुढे होते. सगळ्यांना वाटलं, काय कामाची बाई! खरं सांगू? पिक्चर अर्धा राहिला होता. टेंपोत बायकांच्या गाण्यात तो कुठला बघायला मिळणार?

हळदीचा डबा पिशवीत, पिशवी मांडीवर. मग हिरो मालगाडीच्या टपावर चढला, तेव्हा मला दोन्ही हात लागले. पिशवी खाली पायाशी गेली. मग नदीवरच्या पुलाला ती पोरगी एका हाताने लटकली, खाली मगरी, आणि हिरो अजून दोन डोंगर पलीकडे — अशा वेळी सरळगाव येतं का कुणाला ऐकू? डोळे वर केले तर कंडक्टर माझ्या तोंडापुढे हात हलवत होता. सरळगाव केव्हाच मागे पडलेलं, हा मुरबाडचा स्टँड. मी धडपडत उतरले, पिक्चर तिथेच थांबवला, मोबाइल पिशवीत टाकायला गेले — पिशवी? एसटी तोवर कल्याणच्या रस्त्याला लागलेली. चार पावलं धावलेही. नितीनच्या अंगाची हळद कल्याणला गेली. तिकडे कुणाला लागली असेल कोण जाणे, त्याचंही भलं होवो.

हातात फोन होता. घरी करता आला असता, नाही का? सुचलं नाही असं म्हणायला तोंड उघडलं होतं मी — पण नाही, सुचलं होतं. धजले नाही. फोनवर बोलायचं काय? पिक्चर बघत होते?

समोरच्या वाण्याकडून हळदीची पुडी घेतली. बाजूच्या दुकानातून तसाच स्टीलचा डबा. कालवायला तेल हवं. स्टँडच्या तोंडाशी एक बाई भजी तळत होती, तिच्याकडे मागितलं. ती भली बाई, तिने कढईतलंच पळीभर ओतलं. मी बोटाने कालवलं, वर आंब्याचं पान झाकलं आणि मिळेल त्या जीपने सरळगाव गाठलं. मांडवात वाजंत्री लागली. माझी ओटी भरली. मला पाट दिला बसायला!

सायलीच्या गालाला पहिलं बोट लागलं आणि तिच्या आत्याने नाक वर केलं. मग मावशीने. मग सगळ्या मांडवाने. कांदाभजी! खमंग, ताजी, नाकात भरणारी. नवरी उन्हात पिवळी होत होती आणि लहान पोरं विचारत होती, भजी कुठायत? आत्या तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, “ही हळद वाटली तरी कुनी गो?”

इथेच. इथवर यायला मला आठ वर्षं लागली. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी — मी म्हणाले, आमच्या थोरल्या जाऊबाईंनी.

मी खोटं बोलले का? वाटलेली हळद तिचीच होती की — फक्त ती कल्याणला गेली होती. असं मी स्वतःला रात्रंदिवस समजावलं. पण तुम्ही त्याला फसणार नाही, आणि मीही फसले नाही.

लग्न झकास झालं. सायली-नितीनला दोन मुलं आहेत. भांडण झालं की ती त्याला ‘ए भजी’ म्हणते आणि भांडण तिथेच मोडतं. त्यांचं काही बिघडलं नाही. बिघडलं बायचं. मुरबाडपासून शहापूरपर्यंत जिथे म्हणून आमची माणसं, तिथे ‘भजीची हळद’ पोचली. पुढच्या लग्नात हळद वाटायला बायला बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आणि तिच्या जागी बोलावलं कुणाला, सांगा बरं? मला. आणि मी गेले! पदर खोचून पाट्याशी बसले, वरवंटा फिरवला, वाहवा घेतली. बाय उंबऱ्याशी बसून विड्याची पानं पुसायची. एकदा ती मागच्या अंगणात आपला पाटा चिंचेने घासताना दिसली. घासायची, वाकून नाक लावायची, पुन्हा घासायची. मी विहिरीवरून बघितलं आणि कळशी घेऊन दुसऱ्या वाटेने घरी आले.

तो पिक्चर मी पुढे बघितला नाही. शिक्षा म्हणून. बाकीचे तेहतीस दोनदोनदा बघितले हो, उपास तेवढ्या एकाचाच! फोन बदलले, कार्ड तेच राहिलं. ती पोरगी आठ वर्षं पुलाला लटकून आहे.

गेल्या महिन्यात सायलीच्या भावाच्या मुलाचं बारसं होतं, सरळगावला. बाय आणि मी एसटीने निघालो. बाय आता चौऱ्याहत्तरची आहे. खिडकीशी बसली होती, मांडीवर बाळाचं झबलं. मी मोबाइल काढला, कानात वायरी खुपसल्या, तर म्हणाली, मला बी दाव. मी बोट फिरवत गेले आणि चित्र आलं ते त्याच पोरीचं. माझं बोट थांबलं. तिने विचारलं, हा का नाय लावत? मग मी सांगितलं. पुडी, कढईतलं तेल, आत्याचं नाक, माझं तोंड, सगळं. किन्हवली मागे पडल्यावर सुरू केलं आणि थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा आठ वर्षं गेली असती.

आता हे लिहून ठेवते, म्हणजे ज्यांनी ज्यांनी नाकं मुरडली त्यांनीही वाचावं. बायच्या हळदीला कधीच कसला वास नव्हता. वास माझा होता. त्या आठ वर्षांतल्या सगळ्या लग्नांत पाट्याशी तिने बसायला हवं होतं. ती लग्नं काही परत लागायची नाहीत.

तर त्या दिवशी एसटीत बायने सगळं ऐकून घेतलं. बाहेर भातखाचरं पळत होती. मग तिने माझ्या कानातली एक वायर ओढून काढली, आपल्या कानात घातली, आणि म्हणाली:

“आठ वर्सं पाटा घासते मी, मेल्ये! लाव तो पिक्चर. माजं नाव गेलं ते गेलं, त्या पोरीला तरी पुलावरनं खाली उतरव. आन् सरळगावावर ध्यान मी ठेवते, तुजा काय भरवसा नाय.”