खिडकीवाल्या काकू

बाहेर गुडघाभर बर्फ पडलेलं असलं तरी आमच्या खिडकीवाल्या काकू सकाळ-संध्याकाळ घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायच्या. किलकिल्या नव्हे, सताड. ऑस्ट्रियातल्या त्या गावातली माझी पहिली सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. मी रजईत मुटकुळं करून पडलेली आणि काकू माझ्या उशाशी उभ्या राहून तावदानं उघडताहेत. "रात्रभर हीच हवा वापरली ना आपण? शिळी झाली ती," त्या म्हणाल्या. नाशिकला आमच्या घरी शिळ्या पोळीलाही फोडणी देऊन मान द्यायची पद्धत. हवा शिळी होते, हे मला नवीनच होतं.

कॉलेजच्या एक्स्चेंजमधून मी सहा महिने त्यांच्याकडे राहायला गेले होते. आम्ही चौघी मराठी मुली चार घरांत वाटल्या गेलो होतो. माझ्या वाट्याला आलेल्या बाईंचं 'खिडकीवाल्या काकू' हे बारसं बाकीच्या तिघींनी केलं. काकूंना मी अर्थ सांगितला, तर खूश झाल्या. पुढे मला पाठवलेल्या प्रत्येक भेटकार्डावर नावाऐवजी एक छोटी खिडकी काढायच्या.

काकूंचे यजमान फ्रान्झकाका म्हणजे जन्माचे थंडाळू. लोकरीची करडी टोपी घरातसुद्धा डोक्यावरून उतरायची नाही. काकू खिडक्या उघडत पुढे जायच्या आणि काका त्या बंद करत मागून यायचे. "हिला मला पुरायची घाई झालीय," ते मला डोळा मारून सांगायचे. "तुझं टक्कल गरम राहावं म्हणून सगळ्या घरानं गुदमरायचं का?" काकूंचं ठरलेलं उत्तर. मात्र काकू टोपी न घालता दुकानात निघाल्या की काका फाटकापर्यंत धावत यायचे आणि स्वतःची टोपी त्यांच्या डोक्यावर बसवायचे. काकू कोपऱ्यावर वळल्या की ती काढून पिशवीत टाकायच्या. असा संसार मला फार आवडायचा.

नंतर माझं लग्न झालं, निखिलच्या आणि माझ्या नोकऱ्या कतारमध्ये दोह्यात लागल्या, आणि तिथल्या बिन महमूद भागातल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड थाटलं गेलं. इथे घराघरात एसी आणि बाहेर धूळ, त्यामुळे खिडकी ही फक्त बघायची वस्तू. काका गेल्याचं त्यांच्या मुलानं फोनवर कळवलं तेव्हा मी अशाच एका बंद खिडकीपाशी उभी राहून रडले होते. त्यानंतर दोन हिवाळे उलटले आणि एक दिवस काकूंचाच फोन आला. "मी येतेय तुझ्याकडे. आठवडाभर."

विमानतळावर त्यांना ओळखायला मला क्षणभर वेळ लागला. अंगानं निम्म्या झाल्या होत्या. हसल्या मात्र तशाच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या हौसेनं घरातली प्रत्येक खिडकी उघडली. जानेवारीत दोह्याची हवा खरोखर गोड असते. चहा घेऊन परत आले तर पाहुण्यांच्या खोलीची खिडकी बंद होती आणि काकू तिच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. सूर्य पश्चिमेला उगवला असता तरी मला इतकं चमत्कारिक वाटलं नसतं.

दुपारी त्यांना जवळच्या अल मन्सूरा भागातल्या एका हॉटेलात जेवायला नेलं. निखिल ऑफिसात होता, आम्ही दोघीच. दारातच काकूंनी वेटरला तीन बोटं दाखवली. टेबलावर एसीचा झोत येत होता, तर त्यांनी एक खुर्ची ओढून बाजूला घेतली. स्वतः झोतात बसल्या आणि बाजूला घेतलेली खुर्ची रिकामी ठेवली. वेटर रत्नागिरीचा होता, आमच्याशी ओळखीनं मराठीत बोलायचा. तिसरा ग्लास हातात धरून त्यानं हळूच विचारलं, "ताई, साहेब येतायत ना मागून?" मी मेनूकार्ड उघडून त्यात डोकं घातलं. खुर्चीकडे बघायचं धाडसही होईना.

निघायच्या दिवशी बॅग भरताना त्या आपणहून बोलल्या. "आमच्याकडे माणूस गेला की लगेच खिडकी उघडतात. त्याला जाता यावं म्हणून. फ्रान्झ गेला तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. खिडक्या उघडणारी मी! पण जन्मभर तो त्या वाऱ्यावर कुरकुरला. म्हटलं, कसली घाई आहे? आणि उघडली नाही. अजून उघडलेली नाही." मग माझा हात धरून त्यांनी विचारलं, "पोरी, मी त्याला कोंडून ठेवलंय का?"

मी त्यांना आमच्या दहाव्याची गोष्ट सांगितली. पिंडाला कावळा शिवला नाही, की गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय असं समजतात. मग घरातलं कुणी हात जोडून कबूल करतं, तुमचं अमुक मी सांभाळीन, काळजी करू नका. तेव्हा कावळा शिवतो.

"तो कशात अडकला असेल, मला माहीत आहे," काकू म्हणाल्या, आणि बॅगेच्या तळातून काकांची करडी टोपी काढून डोक्यावर घातली. दोह्याच्या विमानतळावर त्या टोपीसकट आत गेल्या. काचेपलीकडून हात हलवला तो शेवटचा.

आठवड्यानं त्यांचा फोटो आला. त्यांच्या निजायच्या खोलीची खिडकी सताड उघडी, बाहेर बर्फ, आणि काकू टोपी कानांवर ओढून उभ्या. डोळे सुजलेले होते. मी तो फोटो पाहून हसले आणि हुंदके देऊन रडलेही.

परवा त्यांच्या मुलाचा फोन आला. काकू गेल्या. "हॉस्पिटलच्या खिडक्या उघडतच नाहीत गं," तो पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होता.

फोन ठेवून मी पाहुण्यांच्या खोलीत गेले. काकू बसायच्या ती खुर्ची तिथेच आहे. खिडकीच्या कडीवर हात ठेवला आणि तसाच मागे घेतला. "अगं, उघड ना जरा, कोंदट वास येतोय," निखिल आज सकाळीही म्हणाला. मी म्हटलं, नंतर. काकूंचा जीव कशात अडकला असेल, हे मला सांगायला कावळा नको. रोज सकाळी घरातल्या खिडक्या उघडीन, एवढं कबूल केलं की त्या सुखानं जातील. म्हणूनच मी अजून कबूल केलेलं नाही.