मापाचं इंजिन

विद्याधर तावडेचे वडील गिरगावात एका टेलरकडे कटर होते. कापडाला कात्री लावण्याआधी गिऱ्हाइकाला तीनदा उभं करायचे, आणि ते कुरकुरलं की म्हणायचे, "घाई असेल तर रेडीमेड घ्या. कोणाच्या तरी अंगाला होतंच ते." शेवटी सगळ्या गिरगावाने रेडीमेडच घेतलं आणि वडील घरी बसले. विद्याधर त्या धंद्याच्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही, डिझेल पंपाच्या कामात शिरला. पण वडिलांचं वाक्य त्याने जन्मभर वापरलं, तेही ट्रकवाल्यांना ऐकवायला.

त्याचा गाळा दहिसर चेकनाक्याच्या अलीकडे, एक टायरवाला आणि एक रसवंती यांच्या मधे. पूर्वी इंजिनाचा पंप हाताने लावायचा असे, तेव्हा लांब पेचकसाची मूठ कानाला लावून तो कुठे बिघडलंय ते सांगायचा. मग इंजिनात कॉम्प्युटर आले. किती डिझेल फवारायचं, कधी फवारायचं, सगळं तो कॉम्प्युटर ठरवणार. नाक्यावरच्या त्याच्या वयाच्या मिस्त्र्यांनी कपाळाला हात लावला आणि गाव गाठलं. विद्याधर गेला नाही. पन्नाशीत लॅपटॉप घेतला, मुलीच्या शेजारी बसून इंग्रजी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिले आणि शिकला. हे त्याचं कर्तृत्व, ते नाकारायचं कारण नाही. माणूस पुढे वाईट वागला म्हणून त्याचं आधीचं चांगलं पुसून टाकू नये. आधीचं चांगलं होतं म्हणून पुढचं झाकूही नये.

कंपनी सगळ्या गाड्यांत एकच मोजमाप भरून देते. ज्याला चढावर जास्त ओढ हवी त्याच्यापुढे दोन रस्ते. एक म्हणजे साबणाच्या डबीएवढा तयार बॉक्स. वायरीत खोचायचा, तो कॉम्प्युटरला फसवून थोडं जास्त डिझेल काढून घेतो. अर्ध्या तासात काम तमाम. दुसरा रस्ता विद्याधरचा. गाडी तीन दिवस ठेवून घ्यायची, लॅपटॉप जोडून आतले आकडे उतरवायचे, गाडी पळवायची, आकडे बदलायचे, परत पळवायची. आणि शेवटची फेरी मालासकट, रोजचा ड्रायव्हर चाकावर आणि विद्याधर स्वतः शेजारी. या फेरीशिवाय त्याने कधी गाडी सोडली नाही. "अंगावर घालून बघितल्याशिवाय सदरा बांधून द्यायचा नाही," म्हणायचा.

बॉक्स विकायचा यज्ञेश. सात वर्षं याच गाळ्यात विद्याधरच्या हाताखाली राबला आणि मग बोरिवलीत काचेच्या दाराचं दुकान थाटलं. विद्याधर त्याला डबीवाला म्हणे. यज्ञेश हसून घ्यायचा. "मिस्त्री, माझी डबी थोडंच देते, पण सगळ्यांना झेपेल एवढंच देते. तुमचं माप चुकलं तर?"

"माझं माप चुकत नाही रे."

गोराईचा लुईस हा विद्याधरचा जुना दोस्त. घरची शेती होती ती पाव एकरावर आली, म्हणून त्याने मासळीची गाडी घेतली, मागे थंडपेटी असलेली. पेटीचा फ्रिज गाडीच्या इंजिनावरच चालतो. गोराईहून उत्तन, भाईंदर करत घोडबंदरच्या रस्त्याने मुलुंडला माल टाकायचा. घोडं पेंड खायचं ते गायमुखच्या घाटात. भरली गाडी, वर फ्रिजचा भार, इंजिन रडायला लागायचं. मग ड्रायव्हर काय करणार? चढ संपेपर्यंत फ्रिज बंद करायचा. घाटात ट्रॅफिक असला की तो चढ दीड तास संपायचा नाही आणि मुलुंडचा व्यापारी माशाचे कल्ले उचलून नाक मुरडायचा.

ड्रायव्हर होता डेल्रॉय, लुईसच्या बायकोचा, अँजेलिनाचा, धाकटा भाऊ. तिशीचा, कमी बोलणारा, गाडी स्वतःच्या अंगासारखी सांभाळणारा.

"बॉक्स टाकून घेऊ या दाजी," डेल्रॉय म्हणाला होता. "स्वस्तात आणि लगेच."

"येडा झाला काय? विद्या असताना?" लुईसने त्याला गप्प केलं.

जुलैत मासेमारी बंद, गाडी रिकामी उभी, तेव्हा लुईसने ती विद्याधरकडे आणून लावली. विद्याधरने वाळूच्या गोणी भरून तीन दिवस घाटाच्या फेऱ्या मारल्या. फ्रिज तेव्हा सोडवून दुरुस्तीला दिलेला होता, तो बसणार मोसम सुरू होताना. काही हरकत नव्हती. फ्रिजचा भार शेवटच्या फेरीत बघू, असंच ठरलं.

आणि ती शेवटची फेरी आली दुसऱ्या श्रावणी सोमवारी.

विद्याधर एरवी मासळीवर जीव टाकणारा, मालवणकडचा माणूस. पण श्रावण कडक पाळायचा. बायकोने, सुगंधाने, कधी सांगितलं नव्हतं. आईच्या आजारपणात त्याने स्वतःच नेम धरला होता. घरात महिनाभर मासळी नाही, आणि सोमवारी तर नाक्यावरच्या मासेवाल्याच्या बाजूनेही जायचा नाही. सकाळी दहाला लुईस गाडी घेऊन गाळ्यासमोर उभा राहिला. पहिल्या होड्यांचा माल, पापलेट आणि हलवा, पेटी काठोकाठ भरलेली. फ्रिज घूं घूं करत होता, मागच्या दारातून पाणी ठिबकत होतं आणि त्या पाण्याचा वास रसवंतीपर्यंत पोचला होता.

"चल बस, विद्या. तुझी फायनल."

विद्याधर दोन पावलं मागे सरला. कपाळावर भस्माचा पट्टा तसाच होता. "आज नाही रे जमणार. सोमवार आहे."

"अरे मासा मागे, तू पुढे. तुला काय तो मांडीवर घ्यायचाय?"

"चेष्टा नको. उद्या करू."

"उद्या माल सडेल ना बाबा. मग आज जुन्या पद्धतीने जाऊ दे का, फ्रिज बंद करत करत?"

इथे विद्याधरने नुसतं हो म्हणायचं होतं. जीभ जड झाली असती, एवढंच. पण समोर टायरवाला उभा, रसवंतीवाला उभा, आणि मापाची गाडी डबीवाल्याच्या गाडीसारखी रडत जाणार? तो लॅपटॉप घेऊन आला. केबिनमध्ये चढला नाही, दारातूनच वायर आत दिली. फ्रिजला इतकी ताकद लागत असेल, असा मनाशी हिशेब केला, अंदाजपंचे दाहोदरसे, आणि आकडे वाढवून दिले.

"जा. फ्रिज बंद करायचा नाही. तापमानाच्या काट्याकडेही बघायची गरज नाही, इंजिन ओढतंय तेवढं ओढू दे," हे त्याने चाकावर बसलेल्या डेल्रॉयला सांगितलं. लुईसच्या कानी हे पडलं नाही, तेव्हाच त्याचा फोन वाजला आणि तो बाजूला गेला होता.

साडेबाराला लुईसने त्याच फोनवरून विद्याधरला बोलावलं. गाडी गायमुखच्या अर्ध्या चढावर उभी, बोनेटमधून वाफ, मागे ट्रकांची रांग. विद्याधर रिक्षाने पोचला तेव्हा डेल्रॉय रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होता, पाण्याचं झाकण उघडताना हात भाजून घेतलेला. इंजिन तापून हेडचं गॅस्केट गेलं होतं. फ्रिज बंद. मुलुंडचा व्यापारी फोनवर म्हणत होता, आता तो माल तुम्हीच खा.

विद्याधरने लॅपटॉप जोडला. दोन मिनिटंही लागली नाहीत. फ्रिजसाठी वाढवलेलं डिझेल गरजेच्या दीडपट होतं. शिवाय फ्रिजची गरम हवा रेडिएटरवर येत होती, ती वाळूच्या गोणीवर कुठून कळणार? केबिनमध्ये बसला असता तर काटा पहिल्या वळणावरच चढताना दिसला असता.

"काय झालं, विद्या?" लुईसने विचारलं. आवाजात राग नव्हता. ज्याच्यावर विश्वास आहे त्यालाच माणूस असं विचारतो.

विद्याधर लॅपटॉप मिटत म्हणाला, "गाडी दाबली रे. काटा वर गेल्यावर पाय काढायला नको?"

डेल्रॉय उठून उभा राहिला. "काका, तुम्हीच बोललात काटा बघू नको."

"मी बोललो इंजिन ओढेल. डोळे मिटून चालव असं नाही बोललो."

शब्दाशब्दाने बघितलं तर तेही खरंच. लुईस मेव्हण्याकडे वळला आणि भर रस्त्यात, ट्रकवाल्यांसमोर, त्याला नाही नाही ते बोलला. डेल्रॉयने एकदा विद्याधरकडे पाहिलं. मग भाजलेला हात पाण्याच्या कॅनमध्ये बुडवला. कमी बोलणाऱ्या माणसाचं असंच होतं, समोरचा आधी खोटं बोलला की याचं खरं घशातच राहतं.

गाडी दुरुस्त झाली. विद्याधरने गुपचूप आकडे बदलले, आणि पुढच्या बुधवारी मासळीच्या वासात नाक न धरता शेवटची फेरीही मारली. श्रावण चालूच होता. गाडी फ्रिजसकट घाट अशी चढली की लुईसने स्टिअरिंगवर थाप मारली. "झकास! बघ, माणूस बदलला आणि गाडी पळाली." डेल्रॉयला त्याने आधीच उतरवलं होतं. तो भाईंदरला कोणाच्या तरी पाण्याच्या टँकरवर लागला. अँजेलिना कित्येक महिने नवऱ्याशी धड बोलली नाही, आणि नाताळला भाऊ घरी आला नाही.

सुगंधाला सगळं कळलं ते नवऱ्याच्या शर्टामुळे. बुधवारी तो धुवायला घेतला तर मासळीचा वास.

"सोमवारी जमत नव्हतं, मग बुधवारी कसं जमलं हो?"

विद्याधरने सगळं सांगितलं, बायकोलाच फक्त.

"मग जा आणि लुईसभावजींना सांगा."

"सांगून काय होणार? गाडी आता नीट चाललीय."

"गाडीचं कोण विचारतंय? तुमचा उपास त्या पोराला घडला," ती म्हणाली आणि शर्ट बादलीत टाकून उठून गेली. त्यानंतर तिने हा विषय काढला नाही. त्यालाही वाटलं, मिटलं.

मिटलं कसलं! उलट पिकलं. लुईस गोराईभर, उत्तनभर सांगत सुटला की ट्यूनिंग करायचं तर विद्याधरकडे, डबीबिबी नको. फक्त ड्रायव्हर धड पाहिजे, आमच्या मेव्हण्यासारखा नको. दर आठवड्याला एखादी मासळीची गाडी गाळ्यासमोर येऊ लागली, आणि येणारा प्रत्येक जण ती डेल्रॉयची गोष्ट हसत हसत विद्याधरलाच ऐकवायचा. विद्याधरही हसायचा. दर वेळी ते थोडं सोपं जात होतं.

यंदाच्या उन्हाळ्यात एक जुनी, रंग उडालेली मालगाडी गाळ्यासमोर थांबली. डेल्रॉय उतरला. टँकर सोडून त्याने स्वतःची गाडी घेतली होती, बर्फाच्या लाद्या वाहायला. हाताच्या पाठीवर भाजल्याचा गुलाबी डाग अजून होता.

"काका, चढावर मार खाते. बॉक्स टाकू की तुमच्याकडे ठेवू? दाजी बोलतात तुमच्याकडेच ठेव." आणि पुढे म्हणाला, "मी पण तेच बोललो. तुमचं कामच चांगलं असतं."

त्यात टोमणा नव्हता, हेच विद्याधरला सोसवेना. एवढ्या महिन्यांत या माणसाने स्वतःच पटवून घेतलं होतं की चूक आपलीच असावी. गाळ्यात दुसरं कोणी नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं.

विद्याधरने बोनेट उघडलं, उगाच वायरी चाचपल्या. याच्याशेजारी तीन दिवस बसायचं, घाटात, त्याच वळणावर. त्याच्याने होईना.

"बॉक्स टाक," तो म्हणाला. "बोरिवलीला यज्ञेशकडे जा, माझं नाव सांग. तुझ्या गाडीला तोच बरा."

सल्ला खरा होता. जुनं इंजिन, वर फ्रिजचा भार नाही, मापाच्या कामाची गरजच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कोणाला रेडीमेड घ्यायला सांगितलं, आणि तेही मनापासून.

डेल्रॉयचा चेहरा उतरला. मग तो हसला, ओठांच्या एका कोपऱ्यातून. "समजलं काका. मापाचं काम ड्रायव्हर बघून देता ना तुम्ही."

"तसं नाही रे..."

"असू दे. बरोबर आहे तुमचं."

तो गाडीत चढला. विद्याधर दारापर्यंत गेला, दांडीला हात घातला. इंजिन सुरू झालं. काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि तोंडात जे तयार होतं तेच बाहेर आलं.

"चढावर काट्याकडे लक्ष ठेव हां."

"ठेवतो ना," डेल्रॉय म्हणाला. "आता तेच तर बघत असतो."

गाडी नाक्याकडे वळली. विद्याधरने कान दिला. डिझेल फवारणारा चौथा नोझल ठणठणत होता, साधं पाच मिनिटांचं काम. त्याने हाक मारली नाही.