खंडेनवमीला धुतलेला फिल्टर

अर्धांगवायूनं वडिलांची, आमच्या आबांची, उजवी बाजू गेली, तसं बोलणंही गेलं. कोल्हापुरातल्या घरी बाहेरच्या खोलीत त्यांची कॉट मांडली, ती माशांच्या टाकीला लागूनच. पाच फुटी टाकी त्यांनीच आजाराआधी हौसेनं घेतलेली. तिच्यात दोन ऑस्कर मासे होते, तळहाताहून मोठे. सकाळी आई झाकण सरकवून त्यांच्या डाव्या मुठीत खाद्याचे दाणे द्यायची. वडील हात पाण्यावर धरायचे आणि मासे वर येऊन बोटांतून दाणे घ्यायचे. सगळ्या दिवसात ते स्वतः करत असलेलं काम एवढं एकच होतं.

टाकीखाली कप्प्यात डब्यासारखा फिल्टर होता. मोटर पाणी खेचायची, स्पंज आणि चिनी मातीच्या कड्यांतून नेऊन परत वर सोडायची. ताशी किती लिटर, ते खोक्यावर छापलेलं होतं आणि टाकीला पुरेसं वाटलं होतं. तो आकडा रिकाम्या डब्याचा असतो, आत स्पंज भरला आणि गाळ बसला की प्रवाह बराच घटतो, शिवाय ऑस्करसारखा मासा फार घाण करतो, हे घेताना कोणी विचारलं नाही आणि दुकानदारानं सांगितलं नाही. फिल्टर कसाबसा पुरत होता.

वडिलांचं आयुष्य उद्यमनगरच्या कारखान्यात लेथवर गेलं. त्यांचा सण खंडेनवमी. त्या दिवशी मशीन बंद, डिझेलनं पुसून लख्ख, मग हळदकुंकू, झेंडूची माळ. पूजेला बसवलेलं यंत्र दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही. यंदा ते आईनं केलं. विळी, मिक्सर, शिलाई मशीन आणि वडिलांची पान्यांची पेटी देवासमोर मांडली. वडील कॉटवरून बघत होते. त्यांनी डावा हात उचलला आणि टाकीखाली बोट दाखवलं.

आजारानंतर त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट होती. घरात सगळ्यांना आनंद झाला. आईचे डोळे भरून आले.

"फिल्टर व्हय? बसवूया की पूजेला!"

आईनं डबा मोरीत नेला. काळपट स्पंज नळाच्या धारेखाली पिळून पिळून पिवळा केला. कड्या ब्रशनं घासल्या, पार पांढऱ्या निघेपर्यंत. एकेक कडी धुऊन ती वडिलांना दाखवायची आणि ते मान हलवायचे. डब्याला माळ घातली. पाण्यात बुडबुडे सोडणारी हवेची छोटी मोटर तेवढी चालू ठेवली. दसऱ्याला पूजा उचलून फिल्टर परत जोडला. पाणी आरशासारखं दिसत होतं.

सण उलटला आणि पाण्यावर दुधाची साय आल्यासारखं दिसू लागलं. मग टाकीच्या पलीकडची भिंत दिसेना. मासे काचेला तोंड लावून वर तरंगू लागले, कल्ले भराभर हलत होते. दाणे खाऊन लगेच बाहेर टाकत होते. निम्मं पाणी बदललं, पिंपात दिवसभर ठेवून मुरवलेलं घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मी बाटलीत नेलेलं पाणी दुकानदारानं बघितलं, वास घेतला.

"पावणं, फिल्टर धुतला न्हवं?"

"खंडेनवमीला."

"नळाखाली? घासून?" त्यानं कपाळावर हात मारला. "आवं, ती घाण न्हवती. माशाची घाण पचवणारं जिवाणू हुतं त्यात. नळाच्या क्लोरिननं मेलं सगळं. आता मासं सोताच्याच घाणीत पोळायल्यात."

"तुम्ही घेताना सांगितलं नव्हतं."

"इचारलं हुतं का?"

त्यानं दुप्पट मोठा फिल्टर काउंटरवर ठेवला. या टाकीला आधीपासून एवढाच लागत होता, असंही म्हणाला. मोठा डबा, गाळ बसला तरी प्रवाह टिकवणारी मोटर. पण नव्या फिल्टरात जिवाणू वसायला काही आठवडे लागतात. तोपर्यंत तो नुसतं पाणी फिरवणार. मासे तेवढे दिवस काढणार नव्हते.

"मग काय करायचं?"

"घाणेरडा स्पंज पायजे, जिवाणू आसल्याला."

त्याच्या स्वतःच्या टाकीत एक जुना स्पंज चालू होता, शेवाळलेला, बुळबुळीत. तो सगळा दिला तर त्याचे मासे जाणार होते. त्यानं तो बाहेर काढला. मग कात्री घेतली.

"निम्मा देतो. वला ठेवा. नळ दावू नका त्येला. रोज पाणी बदला. आणि खाद्य बंद! एक दाणा न्हाय. जेवढं खातील तेवढं इख तयार हुईल."

घरी येईपर्यंत एक ऑस्कर आडवा झाला होता. वडील झोपेत असतानाच आईनं तो पातेल्यात काढून, पदराखाली झाकून मागच्या दारानं नेला. नवा फिल्टर जोडला, आत तो निम्मा स्पंज घातला. दुसरा मासा कोपऱ्यात तळाशी होता. जिवंत आहे, एवढंच कल्ल्यांवरून कळत होतं.

"माझ्या धुण्यानं झालं का रं?" आईनं स्वयंपाकघरात हळूच विचारलं. उत्तराची वाट न बघता म्हणाली, "आबांना कळू द्यायचं न्हाय."

सकाळी वडिलांनी सवयीनं डावा हात पुढं केला. आई दुसरीकडे बघत राहिली. मग त्यांनी स्वतःच उशीजवळचा खाद्याचा डबा ओढला, कसाबसा उघडला आणि मूठ भरून टाकीच्या झाकणाकडे नेली. आईनं ती वरच्यावर धरली. मूठ घट्ट होती. तिनं एकेक बोट सोडवलं, दाणे ओंजळीत काढून घेतले. काही चादरीवर सांडले.

"आज उपास हाय त्यांचा," ती म्हणाली.

वडिलांनी टाकीकडे बघितलंच नाही. मान वाकवून ते खाली, नव्या डब्याकडे बघत होते. जुना डबा बाजूला भिंतीशी पडला होता, हळदकुंकू अजून तसंच. त्यांचा रिकामा हात उचलला गेला, बोट जुन्या डब्याकडे गेलं, तिथून स्वतःच्या छातीकडे, आणि तिथंच थांबलं.

"न्हाय ओ," आई म्हणाली. "तुमच्यामुळं न्हाय झालं."

हात छातीवरून खाली आला नाही.