डोहाच्या तळाशी आलेला समुद्र

एकाच नदीच्या पाण्याच्या दोन बाटल्या माझ्या टेबलावर होत्या. एक आमच्या माणसाने सकाळी आणलेली, लेबल लावलेली, बूच घट्ट बसवलेली. दुसरी कोल्डड्रिंकची, वर फडक्याचा बोळा कोंबलेला. ती आनंदीबाय नावाच्या बाईंनी गावच्या नळावर भरून, एसटीने मांडीवर धरून आणली होती. आमच्या बाटलीतलं पाणी गोडं होतं. त्यांच्या बाटलीतलं खारं.

"मीठ टाकून आणलंय," शिर्के साहेब माझ्या कानाशी म्हणाले. ते आमचे उपअभियंता. "नवी योजना यांच्या वाडीत नको, पलीकडच्या वाडीत हवी, असलं काहीतरी राजकारण असणार."

आनंदीबायना ते ऐकू गेलं. "मीठ इकत घ्यावं लागतं साहेब," त्या म्हणाल्या. "पाण्यात टाकाया नाय परवडत."

नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली होती. मे महिना होता. मी महाडला पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये केमिस्ट होते. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या विहिरी, झरे, नदीवरचे पंप, सगळ्यांचं पाणी माझ्या टेबलावर यायचं. मीठ तपासायची आमची रीत सोपी आहे. पाण्यात एका रसायनाचे चार थेंब टाकले की ते पिवळं होतं. मग काचेच्या नळीतून सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं. पिवळ्याचं विटकरी झालं की थांबायचं आणि किती लागलं ते वाचायचं. मीठ जास्त, तर थेंब जास्त. आनंदीबायच्या बाटलीने माझी नळी रिकामी केली आणि तरी पाणी पिवळंच राहिलं. मी नळी पुन्हा भरली.

त्यांचं गाव महाडच्या खाली, सावित्रीच्या काठावर. तिथे नदी रुंद होते आणि संथ. भरतीचं पाणी तिथवर येतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण फुगवटा येतो तो गोड्या पाण्याचाच, खारं पाणी खूप खाली अडतं, असं आमच्या फायलीत लिहिलेलं होतं. त्या भरवशावर गावात एक नळ आणि त्यासाठी नदीकाठी एक छोटा पंप बसवला होता. आता त्याच्याच शेजारी मोठी जॅकवेल होणार होती. जॅकवेल म्हणजे नदीकाठी खोल उतरवलेली विहीर. नदीचं पाणी पाइपातून तिच्यात येतं आणि पंप ते टेकडीवरच्या टाकीत चढवतो. पाच वाड्यांना नळ मिळणार होते. फाइलवर फक्त माझी सही बाकी होती.

"साहेब, मी स्वतः जाऊन बघते," मी म्हटलं.

"एक दिवस. परवा फाइल वर जायला हवी."

दुसऱ्या दिवशी मी गावात गेले. आनंदीबायनी नळ सोडला. पाणी खारं होतं, जिभेवर ठेवताच कळत होतं. मी तिथून उठून पंपाजवळ नदीवर गेले, ओंजळ भरली, प्यायले. गोडं. पुन्हा नळावर आले. खारं. नदी आणि नळ यांच्यात दोनशे पावलांचं अंतर आणि एक लोखंडी पाइप. पाइपात मीठ कुठून येणार?

गावातल्या एसटीडी बूथवरून मी साहेबांना फोन लावला. "आपल्या सव गावात कसे गरम पाण्याचे झरे आहेत," ते म्हणाले, "तसं काहीतरी जमिनीतून येत असेल." कल्पना वाईट नव्हती. पण सवच्या पाण्याला गंधकाचा वास येतो आणि ते कोमट तरी असतंच. या पाण्याला वास नव्हता. थंड होतं.

मी पुन्हा नदीवर आले. काठावर एक म्हातारा होडी उपडी घालून डांबर लावत होता. त्याचं नाव धाकूदादा. पूल व्हायच्या आधी त्याच्या घराण्याची तर, म्हणजे नदी ओलांडायची होडी होती, माणसं या काठावरून त्या काठावर न्यायची. मला ओंजळीने पाणी पिताना त्याने पाहिलं होतं.

"बाई, वरचं पाणी काय चाखतेस?" तो म्हणाला. "वर नदी हाय. खाली दर्या हाय."

"म्हणजे?"

"खारं पाणी जड. ते खालून चालतं. उधाणाला येतं नि डोहात बसतं. भरती उतरली तरी तळचं उतरत नाय. तुमचा पाइप कुठं सोडलाय? डोहात."

पाइप डोहातच होता. मे महिन्यात नदी आटली तरी तिथे पाणी राहतं, म्हणून मुद्दाम तळाशी सोडलेला. आणि आमचा माणूस सॅम्पल घ्यायचा तो काठावर बसून, वरच्यावर. दोन्ही बाटल्या खरं बोलत होत्या.

पण वाटणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. तळाचं पाणी वर आणायला खास बाटली लागते, ती आमच्याकडे नव्हती. मी लॅबच्या बाटलीला जाळ्याची शिशाची वजनं बांधली. बुचाला वेगळी दोरी लावली. बाटली तळाला टेकली की बुचाची दोरी ओढायची, बूच निघतं, तळाचं पाणी आत शिरतं. धाकूदादाने गाठी मारल्या. माझ्या गाठी त्याला पसंत नव्हत्या.

अमावास्या होऊन दोन दिवस झाले होते, उधाणाचेच दिवस. दुपारी आम्ही दुसऱ्या होडीतून डोहाच्या मधोमध जाऊन थांबलो. आनंदीबायही चढल्या. "मला बगायचं हाय," एवढंच म्हणाल्या.

ती दुपार मला अजून आठवते. वारा पडलेला. पाण्यावर उन्हाची साय आल्यासारखी. बराच वेळ काही घडलं नाही. मग आंब्याचं एक वाळकं पान होडीशेजारून गेलं, खाडीकडे. थोड्या वेळाने तेच पान, किंवा तसलंच दुसरं, थांबलं. जागच्या जागी एक गिरकी घेतली. आणि हलकेच डोंगराकडे निघालं. आवाज नाही, लाट नाही. नदी उलटी वाहायला लागली होती. मी पाण्यात हात सोडला. पाणी बोटांमधून पोलादपूरच्या दिशेने सरकत होतं. जिथून ते आलं होतं तिकडेच परत. मला वाटलं आपणही बरोबर चाललोय, वर वर, जिथे ही नदी मेमध्ये दगडांत साठलेली नुसती डबकी असते. आनंदीबायनी पदर डोक्यावर घेतला होता आणि डोळे मिटले होते. अख्खा समुद्र आमच्या खालून चालला होता आणि होडी नुसती झुलत होती.

"झोपलीस काय गो? बाटली सोड," धाकूदादा म्हणाला.

दर अर्ध्या तासाने दोन बाटल्या. एक वरची, एक तळाची. मी लेबलं लिहीत गेले. परतताना धाकूदादाने होडी एका खडकाशी नेली आणि वल्ह्याने दाखवलं. खडकाला कालवं चिकटली होती, शिंपल्यांचे धारदार पांढरे पापुद्रे.

"माझ्या बापाच्या वक्ताला ही त्या वाकणाच्या खाली होती. कालव गोड्या पाण्यात धरत नाय. आता हितवर आली."

"कधीपासून?"

"ते कालवांना इचार."

लॅबमध्ये वरच्या बाटल्या थोड्याशा थेंबांत विटकरी झाल्या. तळाच्या बाटल्यांनी मला रात्री उशिरापर्यंत बसवून ठेवलं.

सकाळी मी साहेबांपुढे दोन ग्लास ठेवले. तळाच्या पाण्यात त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं, आणि उठून खिडकीबाहेर थुंकले.

"हे डोहाचं?"

"तळाचं. जिथे आपला पाइप आहे."

त्यांनी फाइल उघडून पाइपाचा नकाशा काढला. माणूस वाईट नव्हता. त्या योजनेमागे त्यांची दोन वर्षं गेली होती. "पाइप वर उचलला तर?" त्यांनी विचारलं.

"मेअखेर वरचं गोडं पाणी वीतभर उरतं. मग पंप हवा ओढेल."

"हे आत्ताच का होतंय? इतकी वर्षं नव्हतं ना?"

माझी कॉलेजची मैत्रीण नलिनी समुद्राचा अभ्यास करायची. मी हाच प्रश्न तिला पत्रातून विचारला. साहेबांनी फाइल आठ दिवस अडवून धरली, हे त्यांचे उपकार.

नलिनीचं उत्तर आलं ते तिच्या बारीक अक्षरात, चार पानं. तिने लिहिलं होतं, "थर्मामीटरमधला पारा का चढतो? तापला की फुगतो म्हणून. समुद्राचंही तेच चाललंय. आपण कोळसा नि तेल जाळून हवा तापवतो आणि त्यातली बहुतेक उष्णता समुद्र गिळतो. तो तापतो, फुगतो. वर जमिनीवरचं बर्फ वितळून त्यात भर पडते. वाढ दर वर्षी इतकी बारीक असते की किनाऱ्यावर उभं राहून दिसत नाही. पण तुमच्यासारख्या सपाट खाडीत थोडीशी उंची म्हणजे लांबवर आत." पुढे तिने अधोरेखित केलं होतं, "तुझ्या एका डोहाचा सगळा दोष मात्र समुद्रावर टाकू नकोस. खाडीतली रेती काढल्याने तळ खोल झाला असेल. उन्हाळ्यात वरून येणारं पाणी कमी झालं असेल. समुद्र पाहुणा आहे. दार कोणी उघडलं तेही बघ."

रेती तर निघतच होती, होड्या भरभरून. मी रिपोर्टमध्ये सगळं लिहिलं. शेवटी एक वाक्य घातलं, की समुद्राची पातळी वाढत असल्याने खारं पाणी पुढे आणखी वर येऊ शकतं, तरी जागा निवडताना हे लक्षात घ्यावं.

साहेबांनी त्या वाक्यावर पेन्सिल टेकवली. "बाई, आपल्या तालुक्यात समुद्र नाही."

"डोहात आहे, साहेब. तुम्ही चाखलात."

"वर हसतील."

"हसू देत. वाक्य राहू दे."

वाक्य राहिलं. वरच्या ऑफिसने त्याच्याशेजारी लाल शाईत 'कसे?' असं लिहून फाइल परत पाठवली. मी नलिनीचं पत्र जोडलं आणि पुन्हा पाठवली. नदीत बऱ्याच वर खडकाचा एक आडवा उंबरा आहे, भरती त्याच्यावरून चढत नाही. जॅकवेल त्याच्या वरच्या अंगाला न्यायची, असं ठरलं. त्यासाठी पाइप लांबला, नकाशे नव्याने झाले, मंजुऱ्या नव्याने. त्या उन्हाळ्यात मिळायचे नळ पुढच्या उन्हाळ्यातही मिळाले नाहीत.

हे सांगायला मीच गेले. पंप बंद करायचा होता, खारं पाणी प्यायला देता येत नव्हतं. म्हणजे होता तो नळही मी काढून घेत होते. टँकर आठवड्यातून दोनदा येईल, असं मी म्हटलं. बायकांमधून आनंदीबाय पुढे आल्या.

"मी बाटली आणली ती पाणी सुदरावं म्हणून," त्या म्हणाल्या. "तू नळच नेलास."

मी काहीतरी बोलले. मंजुरी, खडक, भरती. त्यांनी ऐकूनही घेतलं नाही. हंडा उचलला आणि डोंगरातल्या झऱ्याची वाट धरली. वर चढून जायला पाऊण तास, उतरायला अर्धा. सून गरोदर होती, म्हणून दोघींच्या खेपा त्या एकट्या करायच्या. पुढची दोन वर्षं मी त्या गावात गेले की त्या मला पाहून वळायच्या. मला त्याचा राग आला नाही. रिपोर्ट बरोबर होता म्हणून हंडा हलका होत नाही.

तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये नळ सुटले. मी पहिलं सॅम्पल घ्यायला गेले. नळापाशी गर्दी होती, दोन वर्षांची एक पोरगी पाण्याखाली उघडी उभी राहून किंचाळत होती. ती आनंदीबायची नात. आनंदीबायनी तिला बाजूला केलं, तांब्या भरला आणि माझ्यापुढे धरला.

"पी."

मी प्यायले. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"गोडं हाय?"

"गोडं आहे."

"हाय ना? मग बाटली भर नि जा. पोरीचं आंगोळीचं पाणी आडलंय."

त्या दिवसापुरतं तेवढंच बोलणं झालं. शिर्के साहेबांची तोवर बदली झाली होती. मी त्यांना पोस्टकार्ड टाकलं. त्यांचं उत्तर आलं, "इथे खरोखरचा समुद्र आहे. तोही विहिरींत शिरतोय. तुमची ती वजनं बांधलेली बाटली कशी करतात ते कळवा." मी आकृती काढून पाठवली.

या सगळ्यातून मी एवढंच शिकले, की पाण्याचा रिपोर्ट हा पाण्याचा नसतो, ज्या जागेवरून आणि ज्या वेळी बाटली भरली त्यांचा असतो. आमच्या छापील फॉर्मवर गावाचं नाव, तारीख आणि सही एवढंच असायचं. मी खाली हाताने दोन ओळी वाढवायला लागले. किती खोलीवरून. भरती की ओहोटी. साहेब बदलत गेले, प्रत्येकाने विचारलं की या जास्तीच्या ओळी कशाला. मी निवृत्त झाले तेव्हाही त्या छापील फॉर्मवर आल्या नव्हत्या. तोवर समुद्र थांबून राहिला असेल, असं मला वाटत नाही.