तांदळाची वाफ

पेजेची वाफ तोंडावर आली की बहारीनला, मनामा शहरात भेटलेल्या त्या चिनी डॉक्टरीणबाई आठवतात. नवऱ्याचा व्हिसा अडकलेला, म्हणून मी उपासांवर उपास धरले होते. पाठदुखीसाठी त्यांच्याकडे सुया टोचून घ्यायला गेले आणि तिथेच भोवळ आली. "आज काय खाल्लंस?" "उपास आहे." त्यांनी सुयांची डबी मिटली आणि कागदावर एक जुनं अक्षर काढलं. "ही 'ची', माणसातला जोम. खाली तांदूळ, वर त्याची वाफ. तांदूळच नाही, तर सुई कुणाला हाक मारणार?" मग आपल्या डब्यातला गरम भात पुढे केला. मी रडत रडत सगळा संपवला. डबा धुवायला घेतला तेव्हा कळलं, तेच त्यांचं दुपारचं जेवण होतं. उपास मी अजूनही करते, पण देवाला एखादा पोचला असेल तर तो त्या दिवशी मोडलेलाच.